उसाच्या गाडीला मनाई : अधिकार कुणाचा, जबाबदारी कुणाची?



हंगाम आटोपला की आपल्या अंकात गाळप किती झाले, उतारा किती पडला, कुठल्या गटाने किती टन ऊस दिला याची आकडेवारी येते. ती यावीच. परंतु शेतातला ऊस गव्हाणीत पडतो तो मधला रस्ता तुडवून, आणि त्या रस्त्याविषयी मात्र आपण कुणी चार ओळी लिहीत नाही. रस्ता म्हणजे सरकारची बाब, आपला संबंध खड्ड्यांपुरता, अशी आपली समजूत. ही समजूत यंदा माझ्यापुरती तरी मोडली. म्हणून हा लेखनप्रपंच.

गोष्ट जानेवारीतली. माझा निम्मा ऊस मोठ्या रस्त्याच्या पलीकडे आहे आणि कारखाना अलीकडे. आजवर आमची गाडी टोलच्या रस्त्यावर चढायची, तीनएक किलोमीटर चालायची आणि फाट्याला खाली उतरायची. त्या रात्री दहाच्या सुमारास ड्रायव्हरचा फोन आला. "आण्णा, नाक्याच्या अलीकडं नवी पाटी लावलीया. ट्रॅक्टर, बैलगाडी बंद म्हणत्यात. गाडी फिरवू का हितंच थांबू?"

मी फटफटी काढली आणि गेलो. नाक्यावरचा पोरगा ओळखीचा निघाला, शेजारच्या गावच्या एका सभासदाचाच मुलगा. तो म्हणाला, "आण्णा, तुमचं खरं हाय. आमच्या घरचा ऊसबी ह्याच वाटेनं जातोय. पण वरनं सांगितलंय, आजपासनं सोडायचं न्हाई." वरनं म्हणजे कुणी? ते त्याला ठाऊक नव्हते. हुकमाचा कागद? तोही नव्हता. शेवटी दोन भरलेल्या ट्रॉल्या भर रस्त्यात, अंधारात मागे फिरवल्या. मनाई कशासाठी, तर अपघात होऊ नये म्हणून. आणि पहिल्याच रात्री अपघाताचा सगळा मालमसाला आम्ही रस्त्यावर आडवा उभा केला होता! मग गावातून वळसा घेतला. वाटेतल्या बोगद्याला वरच्या मोळ्या टेकल्या, त्या ओढून काढाव्या लागल्या. यार्डात पोचेपर्यंत तांबडं फुटलं, नंबर गेला, आणि काट्यावर गाडी चढली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला म्हणजे वजनाचे आणि साखरेचे काय होते ते तुम्हांस सांगायला नको.

पुढे दोन कचेऱ्यांत गेलो. या कचेरीने त्या कचेरीकडे बोट दाखवले, त्या कचेरीने या कचेरीकडे.

राग आला होता हे कबूल करतो. परंतु रागाच्या भरात हा लेख लिहिलेला नाही. कारण त्याच रस्त्यावरची दुसरी एक रात्र मला आठवते. चार-पाच वर्षांपूर्वी माझ्याच ट्रॉलीचे चाक फुटले. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, चाकाखाली दगड लावले आणि मिस्त्रीला आणायला गेला. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. पलीकडच्या वाडीचा पोरगा मोटारसायकलवरून आला आणि सरळ ट्रॉलीच्या मागच्या फळीवर आदळला. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. तो पोरगा आजही बाजारात दिसतो. तेव्हा मनाईची पाटी लावणारा तेवढा वाईट आणि आपण तेवढे गरीब बिचारे, असे मला म्हणता येत नाही.

मनाई मुळात का?

हा विचार आधी शांतपणे केला पाहिजे. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदाला जवळजवळ २८ मीटर पुढे येते. भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ताशी २० ने निघाला तर सेकंदाला साडेपाच मीटर सरकतो. म्हणजे दोघांमधले अंतर सेकंदाला २२ मीटरने तुटते. रात्रीच्या वेळी शंभर मीटरवरून ट्रॉली दिसली, तरी मोटारवाल्याच्या हातात साडेचार सेकंद राहतात. मागे लाल दिवा नसेल आणि पन्नास मीटरवर ट्रॉली दिसली, तर जेमतेम सव्वादोन सेकंद. एवढ्यात ब्रेक लागेल की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. एकाच रस्त्यावर एवढ्या फरकाचे दोन वेग चालवणे हाच धोका आहे. त्यात मोटारवाल्याची जात वाईट नाही आणि ट्रॅक्टरवाल्याचीही नाही.

म्हणूनच मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला तेव्हापासून तेथे दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी आणि पायी चालणारा यांना मज्जाव आहे. सुमारे ९५ किलोमीटरचा हा मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा जून २०२५ मध्ये सुरू झाला. तो कोपरगावसारख्या उसाच्या तालुक्यातून जातो, पण त्यावरही ट्रॅक्टरला वाव नाही. जानेवारी २०२४ मध्ये उघडलेल्या अटल सेतूवरही तोच नियम.

शेजारच्या कर्नाटकातले उदाहरण तर आपल्याला अगदी जवळचे. बेंगळुरू-म्हैसूर महामार्ग मंड्या जिल्ह्यातून जातो, आणि मंड्या म्हणजे ऊस आणि गूळ यांचाच मुलूख. तो मार्ग मार्च २०२३ मध्ये उघडला, अपघात फार झाले, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून मुख्य मार्गावर मोटारसायकल, रिक्षा, बैलगाडी, तसेच ट्रॉलीसह वा ट्रॉलीविना ट्रॅक्टर यांना मनाई झाली. पुढच्या वर्षी तेथील अपघाती मृत्यू घटले. अर्थात कॅमेरे बसवून मोटारींच्या वेगालाही लगाम घातला गेला, तेव्हा सगळे श्रेय मनाईला देता येणार नाही. तरी मनाई निरर्थक होती असेही म्हणवत नाही.

परंतु या उदाहरणांत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाशेजारी जुना महामार्ग जिवंत राहिला. समृद्धी हा नवाच रस्ता. तेथे आधी कुणाची वहिवाट नव्हती. म्हैसूरच्या मार्गाला दोन्ही अंगांना सेवा रस्ते धरले होते. आपल्या भागात होते ते वेगळेच. आजोबा-पणजोबांपासूनची गाडीवाट पुढे डांबरी झाली, मग रुंद झाली, मग तीवर टोल बसला, आणि शेवटी तीवर पाटी लागली की मूळच्या गाडीवाल्याने येऊ नये. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

अधिकार कुणाचा?

नाक्यावरच्या पोराला जे ठाऊक नव्हते ते मी नंतर वाचून घेतले. सभासदांना उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात देतो.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कारभाराची वाटणी केली आहे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे. बाकीचे रस्ते, टोल आणि बैलगाडीसारखी बिनयंत्राची वाहने राज्याकडे. यंत्रावर चालणारी वाहने केंद्र व राज्य दोघांच्या सामाईक यादीत. म्हणजे एकाच रस्त्यावर पुढे बैलगाडी आणि मागे ट्रॅक्टर चालला असेल, तर दोघांचे धनी निराळे!

ट्रॅक्टरला मनाई होते ती मुख्यत्वे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली. १९३९ च्या जुन्या कायद्यातही असेच कलम होते. या कलमाप्रमाणे राज्य शासन, किंवा शासनाने अधिकार दिलेला अधिकारी, सार्वजनिक सुरक्षितता वा सोय पाहून, अथवा रस्त्याचे किंवा पुलाचे स्वरूप पाहून, ठराविक प्रकारच्या वाहनांना किंवा ट्रॉली जोडण्यास मनाई करू शकतो. पण त्यास अटी आहेत. मनाई शासकीय राजपत्रात अधिसूचना काढून करावयाची. योग्य ठिकाणी फलक लावावयाचे. एक महिन्याहून जास्त नसलेली मनाई असेल तर राजपत्राची गरज नाही, मात्र स्थानिक प्रसिद्धी दिली पाहिजे. आणखी एक फार महत्त्वाचा भाग म्हणजे, मनाई करताना अपवाद आणि शर्ती ठेवण्याची मुभा याच कलमात आहे. म्हणजे "सरसकट बंद" हाच एक मार्ग कायद्याने सांगितलेला नाही.

राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्राचा २००२ चा महामार्गावरील जमीन व वाहतूक नियंत्रणाचा वेगळा कायदा आहे. जिल्ह्यात पालखी, यात्रा, पूल-दुरुस्ती अशा वेळी वाहतूक बंद करण्याचे किंवा वळवण्याचे हुकूम जिल्हाधिकारी व पोलीस खाते काढतात. महापालिकेलाही आपल्या हद्दीतल्या रस्त्यावर अवजड वाहनांना आवर घालण्याचे काही अधिकार आहेत.

या साऱ्यात ग्रामपंचायत कुठे आहे? ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीकडे सोपवता येण्याजोग्या विषयांची अकरावी अनुसूची आली, तीत रस्ते, मोऱ्या, पूल यांचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु तो गावातल्या रस्त्यापुरता. ज्या मोठ्या रस्त्याने गावाचे दोन तुकडे केले, त्या रस्त्यावर गावची गाडी चालावी की नाही, हे ठरवताना गावाला विचारण्याची सक्ती कलम ११५ मध्ये नाही. ज्याची जळते त्याला कळते, पण ज्याला कळते त्याला कुणी विचारीत नाही, असा हा मामला.

आणि टोलनाका? वाहन अडवायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार टोल वसूल करणाऱ्या ठेकेदाराला नाही. तो फार तर झालेल्या हुकमाची अंमलबजावणी करील. सबब नाक्यावर भांडून उपयोग नाही, पण हुकमाची प्रत मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. कचेरीत प्रत मिळाली नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचे तिकीट लावून अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मी तो केला आहे.

मग गावाला अधिकार द्यावा का?

काही मंडळींचे म्हणणे पडते की मनाईचा अधिकारच ग्रामपंचायतीला द्यावा, म्हणजे प्रश्न मिटला. माझे मत तसे नाही, आणि हे मत काहींना रुचणार नाही याची मला कल्पना आहे.

असे समजा की प्रत्येक गावाला हा अधिकार मिळाला. आपल्या गावाने आपल्या ट्रॅक्टरला वाट मोकळी ठेवली. पुढच्या गावाने ठराव केला की हंगामात रात्रभर गाड्यांचा गोंगाट होतो, शाळेच्या पोरांना धोका होतो, सबब बाहेरच्या गावच्या ऊसगाड्यांना बंदी. त्यांचेही काही चुकले असे नाही. त्यापुढच्या गावात दुसऱ्या गटाची सत्ता. त्यांनी नुसत्या रागापोटी पाटी लावली. कारखान्याच्या कार्यक्षेत्रात किती गावे आहेत हे मोजा, आणि तुमचा ऊस गव्हाणीपर्यंत कसा पोचेल ते सांगा. रस्ता हा एका गावाचा नसतो. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांचा असतो. त्यामुळे मनाईचा हुकूम जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या पातळीवरच निघावा हे बरे.

परंतु हुकूम काढण्याचा अधिकार वेगळा आणि म्हणणे मांडण्याचा अधिकार वेगळा. पहिला वर असावा; दुसरा खालीच असला पाहिजे. आज पहिला वर आहे आणि दुसरा कुठेच नाही, ही माझी तक्रार आहे. मोटार वाहन कायद्याच्याच कलम २१५ प्रमाणे जिल्ह्याला रस्ता सुरक्षा समिती असते. त्या समितीसमोर बाधित गावांचे आणि कारखान्याच्या शेतकी खात्याचे म्हणणे आल्याशिवाय कायमची मनाई होऊ नये, एवढे शासनाने ठरवले तरी निम्मे काम होईल.

आणखी एक मुद्दा ऐकू येतो. ट्रॅक्टर टोल भरीत नाही, मग त्याला हक्क कसला? राष्ट्रीय महामार्गावर ट्रॅक्टर, दुचाकी, बैलगाडी यांच्याकडून सर्वसाधारणपणे टोल घेत नाहीत हे खरे. पण त्या रस्त्याखाली जमीन कुणाची गेली? विहीर एका अंगाला आणि रान दुसऱ्या अंगाला कुणाचे पडले? रस्त्याचे मोल नुसते नाक्यावरच्या पावतीत मोजले जात नाही.

वळशाचा हिशेब

हा प्रश्न ज्यांच्या वाटेवर पाटी लागली त्यांचाच आहे असे इतर सभासदांनी समजू नये. एक साधा हिशेब मांडतो. आकडे धरून चाललेले आहेत. प्रत्येकाने आपल्या वाटेप्रमाणे बदलून घ्यावेत.

समजा मनाईमुळे जाताना पाच व येताना पाच, असा खेपेला दहा किलोमीटरचा वळसा पडला. तीन किलोमीटरला एक लिटर डिझेल धरले तर सव्वातीन-साडेतीन लिटर जादा लागले. नव्वद रुपये दराने सुमारे तीनशे रुपये झाले. खेपेला पंधरा टन ऊस धरला तर टनाला वीस रुपये. यात ड्रायव्हरचा वेळ नाही, टायरची झीज नाही, यार्डातला नंबर चुकल्याने सुकलेल्या उसाचे वजन नाही.

हे वीस रुपये कोण देणार? वाहतूकदार आज ना उद्या दर वाढवून मागणार. आपला एफआरपी हा कारखान्याच्या दारातला भाव, आणि त्यातून तोडणी-वाहतूक खर्च वजा होऊन बिल हातात पडते. हा खर्च सरासरीने वजा होतो. म्हणजे ज्याचा ऊस कारखान्याच्या कुंपणाला लागून आहे, त्याच्याही बिलातून पलीकडच्या वळशाचा पैसा जाणार. तेव्हा "आपल्याला काय त्याचं" हे म्हणण्याची सोय कुणालाच उरलेली नाही.

मागायचे ते काय?

माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे आपण मनाई उठवा असे मागू नये. ती मागणी टिकणार नाही, आणि टिकू नये. दुसऱ्या एखाद्या पोराचा पाय जाण्यापेक्षा वळसा परवडला. आपण मागावे ते असे :

पहिले, आधी वाट आणि मग मनाई. सेवा रस्ता सलग असावा. चार किलोमीटर सेवा रस्ता आणि मध्ये ओढ्यावर पूलच नाही, असा रस्ता कागदावर असला तरी ट्रॅक्टरला त्याचा उपयोग नाही. भुयारी मार्ग, म्हणजे आपला बोगदा, भरलेली ऊसगाडी सरळ जाईल एवढ्या उंचीचा व रुंदीचा असावा, आणि पावसात त्याची विहीर होऊ नये.

दुसरे, अपवादाची मुभा वापरावी. जिथे ओढा, नदी किंवा रेल्वे आडवी येते आणि पुलाखेरीज दुसरी वाटच नाही, तेवढ्या तुकड्यापुरती परवानगी द्यावी. ठराविक वेळेत, कडेच्या पट्टीतून, मागेपुढे दिवे लावून. कलम ११५ मधील "अपवाद व शर्ती" हे शब्द याचसाठी आहेत.

तिसरे, मनाईची वेळ. कायमची मनाई ऐन हंगामात लागू करू नये. मसुदा दोन महिने आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि कारखान्याच्या गट ऑफिसात मराठीत लागावा. ग्रामसभेचा ठराव जिल्हा समितीकडे जावा, आणि त्यावर काय निर्णय झाला हे लेखी कळावे.

चौथे, आपण वेळेवर जागे व्हावे. कोल्हापूर शहरातल्या टोलचा इतिहास आपल्यासमोर आहे. करार आधी झाला, रस्ते झाले, आणि नाके उभे राहिल्यावर लोक रस्त्यावर उतरले. केवढा मोठा लढा द्यावा लागला, तेव्हा डिसेंबर २०१५ मध्ये तो टोल रद्द झाला. लढा गाजला खरा, पण जे काम नकाशा टेबलावर असताना अर्जाने होऊ शकते, त्यासाठी पुढे वर्षानुवर्षे आंदोलन करावे लागते. रस्त्याची मोजणी सुरू झाली की भावाची चौकशी आपण लगेच करतो. त्याच दिवशी "आमची गाडी कुठून जाणार?" हाही प्रश्न विचारावा. वरातीमागून घोडे दामटण्यात अर्थ नाही.

आधी आपले घर

आता थोडे कडू लिहितो. ही मागणी घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांपुढे उभे राहिलो, आणि त्यांनी खिडकीतून बाहेरची ऊसगाडी दाखवली, तर आपण काय उत्तर देणार?

ट्रॉलीला मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर हे कायद्यानेच आवश्यक आहेत. दर हंगामात रिफ्लेक्टर बसवण्याचा कार्यक्रम होतो, फोटो निघतात, आणि पंधरा दिवसांत निम्म्या गाड्यांचे रिफ्लेक्टर चिखलाने भरून जातात किंवा लोंबणाऱ्या वाड्याखाली झाकले जातात. फळीच्या बाहेर दोन्ही अंगांना ऊस लोंबतो आहे. क्षमतेपेक्षा जास्त भर तर बोलायलाच नको. खेपा वाचवायच्या म्हणून मोळीवर मोळी चढते. ट्रॅक्टरवर कर्णे लावून गाणी चालू असतात, मग मागचा हॉर्न वाजवून दमला तरी आमच्या गड्याला पत्ता नसतो. चाक फुटले की गाडी आहे तिथेच उभी, मागे चार दगड आणि एखादी फांदी. ते दगडही चाक बदलल्यावर रस्त्यातच राहतात.

माझी संचालक मंडळाला नम्र सूचना आहे की येत्या हंगामात तीन गोष्टी कराव्यात. रिफ्लेक्टर, मागचा दिवा आणि एक लाल त्रिकोणी फलक नसलेल्या वाहनाला करारच देऊ नये. केन यार्डात काट्याच्या आधी ट्रॉलीचा मागचा भाग पुसून तपासण्यासाठी एक माणूस ठेवावा. दिवा बंद असेल तर परतीची स्लिप दिवा लागल्याशिवाय मिळू नये. आणि मोठ्या रस्त्याजवळच्या प्रत्येक गटात रात्री बंद पडलेल्या गाडीजवळ जायला एक जीप, दोन बत्त्या आणि एक मिस्त्री तयार असावा. याला फार पैसा लागत नाही. यात काही सुधारणा असतील तर सभासदांनी सर्वसाधारण सभेत जरूर सांगाव्यात.

आपण एवढे केले, की मग जिल्ह्याच्या समितीपुढे ताठ मानेने बसता येईल. तिथे आपण म्हणू शकू : आमच्याकडून होणारे सगळे आम्ही केले आहे, आता तुम्ही आमची वाट द्या, आणि मग खुशाल पाटी लावा.

माझ्या माहितीच्या अर्जाला उत्तर आले की ते याच अंकातून कळवीन. तूर्तास माझी गाडी वळशानेच जाणार आहे. मागच्या फळीला मात्र यंदा नवे दिवे बसवले आहेत. दोन्ही ट्रॉल्यांना.

कळावे, लोभ असावा.

— एक ऊस उत्पादक सभासद